घाटातला उतार, तापलेले ब्रेक आणि मागची शेपटी

एकाने विचारलंय, मोटरहोम (आत राहायची सोय असलेली लांब गाडी) घाटात उतरवताना ब्रेकचा वास आला तर थांबायचं का? हो, पहिली सपाट जागा दिसताच थांबा. चाकांना ठोकळे लावा आणि अर्धा तास तरी ब्रेक आपोआप निवू द्या. पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जातो. पेडल मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइल उकळू लागलेलं असतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण हवेतला ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. म्हणून दर २ वर्षांनी ते बदलाच, यात कंजुषी नको.

मुळात उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग उतरवा आणि सोडा.

अरुंद वळणावर सगळे पुढे बघतात, घासतं मात्र मागे. मागची चाकं आतून कापत जातात आणि चाकांमागचा लांब भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुलतो. त्यामुळे दरीकडचा कठडा आणि डोंगराकडचा खडक, दोन्ही आरशांत बघत जा. शंका आली तर मागे बघायला सोबत्याला खाली उतरवा.

पाण्याची टाकी अर्धी ठेवू नका. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि अर्ध्या टाकीत ते वळणावर हिंदकळतं. कॅम्पग्राउंडवर पाणी मिळणार असेल तर जवळजवळ रिकामीच न्या.