'प्रेरणा' की 'ओढ'? डोपामिनच्या निमित्ताने

प्रश्न : प्राण्यांच्या शिकण्यावरचा एक लेख मराठीत लिहितोय. 'रिवॉर्ड'ला बक्षीस आणि 'मोटिव्हेशन'ला प्रेरणा असं योजलंय. पण 'उंदराची प्रेरणा वाढली' हे वाचून मलाच हसू येतं. मेंदूत पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हटलंय, ते ठीक ना?

– बक्षीस चालेल. पारितोषिक नको, त्याला समारंभ लागतो. प्रेरणेच्या जागी 'ओढ' घाला. आणि 'आनंदाचं रसायन' सरळ खोडा, कारण तिथे मुद्दाच चुकतो.

रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या मेंदूत डोपामिन बनतच नव्हतं. ते बनवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक डोपामिनच्या पेशींत निकामी केलेलं होतं. पिल्लं जन्मली नीट, पण काही आठवड्यांत खाणंपिणं सोडून बसली. एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य) टोचलं तरच खायची, नाहीतर अन्न समोर असूनही उपाशी मरायची. पुढे त्यांच्यासमोर साधं पाणी आणि साखरपाणी ठेवून पाहिलं, तर जे थोडंफार पीत त्यात पसंती साखरपाण्यालाच. म्हणजे आवड शाबूत, ओढ गेलेली. मराठीत हे दोन शब्द आयते वेगळे आहेत, मग 'आनंदा'त दोन्ही कशाला कोंबायचे?

दुसरे एक जण : ओढ पटलं. पण शिकण्याचं काय? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या माकडांत डोपामिनच्या पेशी आधी फळाच्या रसाच्या थेंबाला उसळत. खुणेमागून रस येतो हे कळलं, की खुणेलाच उसळू लागत आणि रसाला गप्प राहत. ठरल्या वेळी रस आला नाही, तर त्या क्षणी मंदावत. या शेवटच्याला 'अपेक्षाभंग' फिट्ट बसतो. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर? 'घबाड' म्हणावं तर शास्त्रज्ञ रागावतील!

– भंग अर्धीच गोष्ट सांगतो. 'अपेक्षेतली तफावत' म्हणा, ती दोन्हीकडे झुकते.

प्रश्नकर्ता : आणि ओढीऐवजी 'हाव'?

– हाव म्हटलं की उंदराला दोष दिल्यासारखं होतं. 'चटक'ही नको, ती चव घेतल्यावर लागते. ओढ चवीआधीही असू शकते.

आणखी एक जण : ओढीचा 'ओढाळ' तर गुरांसाठीच वापरतात. काही उंदरांत डोपामिन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक मंद केलं होतं, त्यामुळे डोपामिन पेशींबाहेर जास्त साचत होतं. केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की हे उंदीर गोड खाऊकडे जास्त वेगाने धाव घेतात. पण गोड तोंडात पडल्यावर त्यांचं आवड दाखवणारं जिभेने चाटणं इतरांपेक्षा वाढत नाही. यांना ओढाळ म्हणू का?

– नको हो. ओढाळ जनावर वाट सोडून दुसऱ्याच्या शेतात शिरतं. हे उंदीर उलट वाटेत कमी थबकले, सरळ खाऊपाशी गेले.