मदत हवी आहे : ऑक्टोबरात रत्नागिरी ते विजयदुर्ग

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहून पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करते. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून टीममधली मंडळी मागे लागली आहेत, 'तुझ्या कोकणात ने.' (इतकी वर्षं बोलावत होते, तेव्हा गोवा!)

सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्गाला होडी लागते आणि टीममधल्या एकाला बोटीत मळमळतं, म्हणून विजयदुर्ग ठरवलाय. जायचं सागरी मार्गाने, पावस, कशेळी, जैतापूर, पडेल असं. वाटेत कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प दाखवायचंच आहे. पण पावसानंतर सड्यावर (कातळाच्या पठारावर) गवत माजतं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शिल्प नीट दिसतं का? गावात कोणाला आधी सांगून ठेवावं लागतं का?

दुसरं म्हणजे जैतापूरच्या पुढे रस्ता सध्या कसा आहे? दोघं बाईकवर येणार आहेत.

विजयदुर्गात एक रात्र राहायला घरगुती सोय हवी. माशांचं जेवण हवंच, पण एक शाकाहारी आहे, तिला नुसती डाळ-भात नको. आणि सोमवारी सकाळी मीटिंग असल्याने नेटवर्क कुठलं चालतं तेही सांगा. बॉसला 'रेंज नव्हती' आता पटत नाही.