नोकरीची वाट: एसटी, लाँच की आपली गाडी? कोकणातले अनुभव लिहा

सड्यावरची

आमच्या ऑफिसात सध्या एकाच विषयावर जुंपते. नवीन लागलेल्या मुलाने पहिले दोन पगार हातात पडताच कर्ज काढून बाईक घेतली, आणि शेजारच्या टेबलावरचे निवृत्तीला आलेले भाऊ अजून खिशात एसटीचा पास घेऊन फिरतात. दोघं एकमेकांची कीव करतात. मी मधली. गोळपच्या पुढे आमचं गाव, नोकरी रत्नागिरीत. रोज बसने आणि अडीअडचणीला घरची स्कूटी.

पैशाने बघितलं तर वादच नाही. महिन्याच्या पासाला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरता येतं. शिवाय 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. इकडे पेट्रोलचा लिटर शंभराच्या वर गेलाय. तरी बाईका वाढतायत, कारण खरा प्रश्न संध्याकाळचा आहे. सकाळी जायला काही ना काही मिळतं. साडेपाचला साहेब म्हणाले, "एवढं एक पत्र काढून जा," की आपली गाडी गेली. पुढची येते तेव्हा ती फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, छत्र्या आत पडलेल्या असतात. रुमाल पडला की सीट त्याची, हा कायदा सगळे पाळतात. एका आजींनी कोथिंबिरीची जुडी टाकून सीट धरली होती; दोन धट्टेकट्टे कॉलेजकुमार ती जुडी बघून निमूट मागे गेले.

तर तुम्ही कसे जाता? नुसतं "आपली गाडी बरी" नको. किती वाजता निघता, पावसात काय करता, आणि मुख्य म्हणजे परत कसे येता, ते लिहा. मुंबई-पुण्याच्या लोकलचे आणि सिग्नलचे किस्से पुष्कळ ऐकलेत, इथे कोकणातलेच येऊ देत.

जेट्टीवाला

घर दापोली तालुक्यात, नोकरी गुहागरकडे. नकाशावर दोन्ही समोरासमोर, मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. पण रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण करत शंभरेक किलोमीटरचा वळसा. दाभोळ–धोपावे फेरीबोट 2003 साली सुरू झाली, म्हणून ही नोकरी घरी राहून करता येते. आमच्याकडे अजूनही तिला जंगलजेट्टीच म्हणतात.

आधी मी पायीच पलीकडे जायचो आणि धोपाव्याला बस धरायचो. बोट खाडीच्या मध्यावर असताना समोर बस वळून उभी दिसायची, आणि आम्ही धक्क्याला लागता लागता ती निघायची. ड्रायव्हरला वेळ पाळायची, बोटीला भरती-ओहोटी आणि वारा बघायचा, दोघांचंही बरोबर. मधल्यामधे आम्ही. शेवटी बाईक घेतली, आणि ती बोटीतूनच नेतो. म्हणजे मी कुठल्या गटात, ते सड्यावरचीने ठरवावं.

नवीन कोणी असेल तर एक सांगून ठेवतो. बोटीचं लोखंडी झाकण धक्क्यावर उतरतं. ओहोटीला ते जास्त तिरकं होतं आणि वर चिखलाचं पाणी असतं. तिथे पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. पहिला गिअर, दोन्ही पाय टेकत टेकत, आणि लाटेने बोट उचलली की जिथे आहात तिथे थांबायचं. खलाशी हात करेल तेव्हाच पुढे. घाई करणारे कार घेऊन आलेले पर्यटक असतात, त्यांच्या मागे नंबर लावू नका.

तिसरी पाळी

लोट्याला केमिकलमध्ये. चिपळूणहून कंपनीची बस. चढलो की झोप, परशुराम घाटात एकदा डोकं काचेवर आपटतं, लोटं आलं की आपोआप जाग. रात्रपाळी करून बाईकने घाट उतरणाऱ्यांना माझा नमस्कार. पाळी लांबली तर मात्र बस गेलेली असते, मग हायवेला उभं राहून टेम्पो-ट्रकला हात. बाईक घ्यायचा विचार 2021 मध्ये पक्का झाला होता. 22 जुलैच्या पुरात बिल्डिंगखाली लावलेल्या सगळ्यांच्या गाड्या पाण्याखाली गेलेल्या बघितल्या आणि विचार बारगळला. बायकोने लगेच आठवण करून दिली, की आगारातल्या एसट्याही बुडाल्याच होत्या.

उपकेंद्र

मी आरोग्यसेविका. राहते देवरुखला, उपकेंद्र आडवाटेच्या गावात. बस फाट्यापर्यंत. फाट्यापासून वाडीपर्यंत चढ आणि मग सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. उन्हात चालून बघा, एसटी बरी की गाडी बरी हा प्रश्न तिथे सुचत नाही.

2021 च्या नोव्हेंबरपासून संप लांबत गेला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. त्याच काळात लसीकरण जोरात. भावाने मैदानात नेऊन स्कूटी शिकवली, तिसऱ्या दिवशी थेट घाटरस्त्यावर. संप मिटल्यावर सगळ्यांना वाटलं की आता ही बसने जाणारच नाही. पण मी दोन्ही ठेवलं. देवरुख ते फाटा बस, आणि फाट्यावरच्या चहावाल्या काकांच्या पडवीत स्कूटी. रात्री तिथेच असते, वर जुनी ताडपत्री. काका भाडं घेत नाहीत, बीपी मात्र माझ्याकडूनच तपासून घेतात.

लसीकरणाच्या दिवशी बर्फाच्या पॅकची पेटी प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्यायची. बसमध्ये ती पायांशी ठेवायची, सीटखाली नाही, कारण मागच्याची मासळीची पाटी कधी सरकत पुढे येईल सांगता येत नाही. ओळखीचे कंडक्टर पेटी बघूनच विचारतात, "ताई, आज कोणती वाडी?" आणि कुणाचं बाळ राहिलंय ते मला त्यांच्याकडूनच कळतं! स्कूटीवर ही बातमी मिळत नाही. उलट संध्याकाळी उशीर झाला तर स्कूटीच हवी.

अंधार पडल्यावर गवा रस्त्यात उभा असतो. अशा वेळी हॉर्न वाजवायचा नाही, लाइट डिपरवर घेऊन लांबच थांबायचं. त्याला जायचं तेव्हा तो जातो. आणि रेनकोट कितीही महागाचा घ्या, तो आतून भिजतोच. कोरडा ड्रेस उपकेंद्राच्या कपाटात ठेवलेला बरा.

क्रॉसिंग

रेल्वेचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. रोज जाणाऱ्यांनी कोकण रेल्वे धरून घराचं भाडं ठरवू नये. लाइन 1998 पासून पूर्ण चालू आहे, पण वीर स्टेशनच्या खाली बहुतेक सगळी एकेरी. पॅसेंजर साइडिंगला उभी राहणार, एक्स्प्रेस पुढे जाणार, हे गणितच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पावसाळ्यात वेग कमी म्हणून वेळापत्रकच वेगळं. त्यात स्टेशनं गावाबाहेर. रत्नागिरीचं कुवारबावला, म्हणजे उतरल्यावर परत रिक्षा आलीच. मी कणकवली–कुडाळ करून बघितलं. प्रवास सुखाचा, पुस्तक वाचून होतं, खिडकीतून हिरवंगार. दहाच्या मस्टरला पोचायची हमी तेवढी नाही.

डबल बेल

उभी हयात कंडक्टरकीत गेली, आता घरी असतो. सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी होऊन निघते. ज्या गावात वस्ती, त्या गावचा माणूस आठच्या आत तालुक्याला पोचतो. वस्ती हलली की त्या गावाची सकाळची गाडी तालुक्याहून सुटून यायला लागते, म्हणजे नोकरीवाल्याच्या कामाची राहत नाही.

आम्ही देवळात झोपलोय, शाळेच्या पडवीत झोपलोय. काही गावं अशी, की आठच्या सुमारास कुणाचा तरी पोरगा टोप घेऊन यायचा, भात आणि कालवण, वर सोलकढी. थंडीत पहाटे गरम पाणी तयार. आणि काही गावांत विहिरीचा रहाटही रात्री कुलपात. कुठल्या गावची वस्ती टिकली हे मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट हिशोबाची. गावातल्या कमावत्या माणसांनी बाईक घेतली की गाडीत उरतात पासवाली शाळेची पोरं, अर्ध्या तिकिटाच्या बायका आणि पंच्याहत्तरीपुढचे मोफतवाले. गाडी भरलेली दिसते, पण फेरीमागे जमणारे रोख पैसे कमी. कधी तरी कुणी तरी तो आकडा बघतो आणि फेरी कमी होते. मग गाव म्हणतं, गाडी बंद झाली म्हणून आम्ही बाईक घेतली. आधी काय झालं, ते तुम्हीच शोधा.

सड्यावरची

डबल बेल, हे भाऊंना प्रिंट काढून देते. उद्या बाईकवाल्याची खैर नाही.

सीमेवरचा

बांद्याकडचा आहे, गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये. सकाळी पत्रादेवीच्या गोवा नाक्यावर येऊन बघा, एमएच 07 च्या, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातल्या बाईकची रांगच रांग. बस आहेत, आपल्याही आणि गोव्याच्या कदंबाच्याही, जाताना मी कित्येकदा बसनेच जातो. पण किचन आवरून सुटायला अकरा वाजतात. रात्री अकराला बस कुठली? त्यामुळे आमच्यात वाद नाही, बाईक हाच पगाराचा भाग समजायचा. पेट्रोल गोव्यात स्वस्त, टाकी तिकडेच भरायची, ही एकच बचत. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये चालू झाल्यावर आमच्याकडची अजून पोरं जायला लागली, त्यांच्या पाळ्या तर पहाटेच्या. रेडी-शिरोड्याकडचे तेरेखोलवरून केरीच्या फेरीने जातात, त्यांनी त्यांचं लिहावं.

पावसात आम्ही चौघं एकाची गाडी करतो. बाईकवर असलो की आई रोज एकच सांगते, "मोबाईल नको, रस्तो बघ." ढाबळीतली कबुतरं परतली की मोजतात, तशी ती घरातले हेल्मेट मोजून झोपते.

धक्क्यावरून

अलिबागकर आहे, ऑफिस फोर्टात. आठ महिने आमच्याएवढा सुखी माणूस नाही. मांडव्याला लाँच, वर उभं राहून वारा, तासाभरात गेटवे. लाँचच्या तिकिटातच अलिबाग–मांडवा बस येते, म्हणजे दारची गाडी दारातच. खरा प्रवास पावसाळ्यात. गेटवेच्या लाँच बंद होतात. मग रेवसहून भाऊचा धक्का, नाहीतर मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊन लागला, त्यामुळे तिचं खरं महत्त्व आम्हाला नंतर कळलं. ती पावसातही चालते आणि कारही नेते.

कारने संपूर्ण रस्त्याने जाणारे मित्र आहेत. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून ते फार मिशीवर ताव देतात. पूल झकास आहे, जवळपास 22 किलोमीटर, शिवडीला कधी पोचलो कळत नाही. पण पुलाला लागण्याआधी वडखळ आहे, हे ते सांगत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी तर मुंबईचे सगळे पाहुणे आमच्याच रस्त्याने येत असतात. शिवाय पुलावर दुचाकीला बंदी, म्हणजे बाईकवाल्याला तो असून नसल्यासारखा. माझा नियम साधा: पाणी जाऊ देतंय तोवर पाण्यातून.

नाटे रोड

आम्ही चार शिक्षक, राजापुरातून जैतापूर-नाट्याकडच्या वेगवेगळ्या शाळांवर. बसच्या वेळा शाळेला जुळत नाहीत आणि चौघांनी चार बाईका काढणं परवडत नाही, म्हणून एक जुनी व्हॅन. गाडी सरांची, पेट्रोल चौघांत, पंक्चर ज्याच्या बाजूचं चाक त्याचं. हा शेवटचा नियम कुणी केला माहीत नाही, पण तो मोडायची टाप नाही.

बाकीचे नियम असे. पावणेनऊनंतर थांबणार नाही, मग मुख्याध्यापक असोत. गाडीत शाळेचे ऑनलाइन फॉर्म, बदल्या आणि पेन्शन हे विषय जाताना बंद, येताना खुले. मासे घ्यायला येताना एकदाच थांबायचं आणि पिशवी डिकीत. जोराच्या पावसात आदल्या रात्रीच फोन करायचा, कारण अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात चढलं की व्हॅन काय आणि एसटी काय, दोन्ही वरच्या बाजूला अडकतात. अशा दिवशी जो पलीकडे राहतो तो एकटा शाळा सांभाळतो आणि पुढे आठवडाभर ते ऐकवतो.

एका बाईंची जूनमध्ये बदली झाली, त्यामुळे सध्या मागची खिडकीकडची सीट रिकामी आहे. त्या बाजूने कुणी येत-जात असेल तर कळवा. तंबाखूवाला नको, आणि त्या बाजूचा टायर नवा आहे.