मदत हवी आहे: एल्को बेटावरची १९७९ची ख्रिस्ती जागृती

नमस्कार मंडळी, इथे डार्विनला किंवा ऑस्ट्रेलियात कुठेही राहणारं, नाहीतर मानववंशशास्त्र शिकलेलं कोणी आहे का?

आमच्या वाचनगटात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँड भागातल्या योलंगू या आदिवासी लोकांवर बोलायचंय. मार्च १९७९मध्ये तिथल्याच एल्को बेटावरच्या गलीविंकू गावात रेव्हरंड जिनियिनी गोंडारा यांच्या घरी लोक प्रार्थनेला जमले आणि तिथून ख्रिस्ती भक्तीची जी लाट उठली ती आसपासच्या वस्त्यांतून पुढे थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटापर्यंत गेली. मिशन तिथे १९४२पासून होतंच, पण या खेपेला पुढारपण गोऱ्या मिशनऱ्यांकडे नव्हतं. मला सगळ्यात जास्त रस यातच आहे.

अडलंय ते असं. त्याच बेटावर १९५७मध्ये योलंगू वडीलधाऱ्यांनी एरवी गुप्त ठेवले जाणारे पवित्र कोरीव खांब चर्चशेजारी उघड्यावर उभे केले होते, त्यातल्या एकावर चक्क क्रूस! मग १९७९ची जागृती त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल मानायची, की जुन्या विधींशी काडीमोड? मला पहिलं पटतं, पण एका सदस्याने ‘हे निव्वळ धर्मांतर’ म्हणून विषय उडवून लावला.

योलंगूंनी स्वतः सांगितलेल्या आठवणी, मुलाखती, ध्वनिमुद्रणं कुठे मिळतील? मिशनऱ्यांचे अहवाल नकोत, ते ढिगाने आहेत. आणि तिथल्या प्रार्थनासभा कोणी प्रत्यक्ष पाहिल्या असतील तर गाणी कोणत्या भाषेत होती, तेवढं जरूर लिहा.