भावाची गार्डियनशिप कुठून मिळते? बजेट १५ हजार

नाशिकची_ताई: धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या नियमित, सध्या छान आहे. एफडी त्याच्याच नावावर, पण फाइल बघून बँकवाले म्हणतात गार्डियन आणा मगच मोडू. आईचं वय झालंय. वकिलाला १५ हजारच्या वर देणं जमणार नाही.

खवट_काका: १५ हजारात कोर्टाची पायरीसुद्धा चढता येत नाही. आम्ही साडूंसाठी थेट हायकोर्ट गाठलं, मोठा वकील लावला. ऑर्डर दाखवली की साहेब स्वतः चहा मागवतात.

मुग्धा_ठाणे: काका, साडू कोमात होते ना तुमचे? हिचा भाऊ चालताबोलता आहे.

खवट_काका: तत्त्व एकच.

साधामाणूस: नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा बघा, कलेक्टरच्या कमिटीपुढे अर्ज करायचा. आमच्या मुलाचं तिथूनच झालं, वकील लागलाच नाही.

कोर्टातला_एक: तुमच्या मुलाला ऑटिझम असेल. तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच, नुसता स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. आणि १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची सोय होती ती २०१७ च्या कायद्यात ठेवलेलीच नाही, उलट आजार आहे एवढ्यावरून माणसाला अस्थिरबुद्धी ठरवता येत नाही, ते कोर्टच ठरवणार. भाऊ ठीक असेल तर त्याची सही चालायला हवी, बँकेकडून नकार लेखी मागा, तिथेच निम्मे गार होतात. अगदीच अडलं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम १४ आहे, मर्यादित पालकत्व, ठरावीक निर्णयापुरतं आणि त्याला विचारूनच. उपचारासाठी मात्र त्याने नामनिर्देशित प्रतिनिधी आत्ताच नेमावा, साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. या प्रतिनिधीला पैशाचे अधिकार नसतात हां.

साधामाणूस: तरी कलेक्टर ऑफिसात एकदा विचारून बघाच.

मुग्धा_ठाणे: अहो आत्ताच सांगितलं ना त्यांनी!

विरारलोकल: एवढं कशाला, फ्लॅट एफडी सगळं ताईंच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, आमच्या मामांनी तेच केलं.

मुग्धा_ठाणे: आणि मामा आता राहतात कुठे?

नाशिकची_ताई: सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. एफडीचा अर्ज तो स्वतःच देणार, नकार दिला तर लेखी मागणार. प्रतिनिधी म्हणून माझं नाव घाल म्हटलं तर पठ्ठ्याने मावसभावाचं घातलं, म्हणे तू फार ओरडतेस. मावसभावाने संमतीही लिहून दिली. वकील सध्या कॅन्सल.

खवट_काका: पस्तावाल. मग धागा काढलात कशाला?