मुंबई परिसरातली सगळ्यात जुनी वसाहतकालीन इमारत : पडक्या भिंती धरायच्या का?

फोर्टातला कारकून (धागाकर्ता)

वसईच्या किल्ल्यात फिरून आलेला जो तो फोटोखाली लिहितो, 'इकडची सगळ्यात जुनी युरोपीय इमारत'. मला नाही पटत. छप्पर नाही, दारं नाहीत, आत गुडघाभर गवत. त्याला अवशेष म्हणा. इमारत म्हणजे जिच्यात माणसं अजून कामासाठी जातात ती.

हा निकष लावला तर मान हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा. जेराल्ड आँजियर गव्हर्नर असताना, १६७०च्या दशकात काम सुरू झालं, अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच पडून राहिल्या, आणि १७१८च्या नाताळात एकदाचं चर्च उघडलं. (सरकारी काम तेव्हाही असंच.) चर्चगेट हे नाव याच चर्चच्या बाजूच्या वेशीवरून आलं. वेस १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर पाडली. चर्चमध्ये अजून उपासना चालते. आत गव्हर्नर जोनाथन डंकनचं संगमरवरी स्मारक आहे, त्यावर बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं श्रेय कोरलंय. भिंती नुसत्या उभ्या राहून भागत नाही, आतलं सामानसुमानही टिकावं लागतं.

पाचूबंदरचा

रायगडावरच्या बाजारपेठेला कुठे छप्पर आहे? मग तीही बाद करा की!

वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४च्या तहाने. किल्ल्यातलं सेंट जोसेफ १५४६चं. शिलालेखात १६०१ साल आहे, पण ते जुनं चर्च नव्याने बांधून काढल्याचं. म्हणजे तुमच्या कॅथेड्रलचा पाया खणायच्या आधी आमच्याकडे दुरुस्त्याही उरकल्या होत्या. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जा आणि खाली बघून चाला. थडग्यांच्या फरशा आहेत, पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं अजून वाचता येतात. त्यावर उभं राहून लोक प्री-वेडिंगचे फोटो काढतात, तो संताप वेगळा. आणि 'माणसं जात नाहीत' म्हणता, तर किल्लाबंदरच्या कोळ्यांचा रोजचा रस्ता किल्ल्यातूनच आहे.

फोर्टातला कारकून

रस्ता किल्ल्यातून जातो, चर्चमधून नाही. आणि रायगडाच्या बाजारपेठेला मीही 'बाजारपेठेचे अवशेष'च म्हणतो.

सह्यभ्रमंती

मुळात हा मान हवाय कोणाला? इन्क्विझिशनवाल्यांच्या (धर्माच्या नावाने चौकशी करून शिक्षा देणाऱ्या पोर्तुगीजांच्या) चर्चचं वय मोजत बसलोय आणि तिकडे आपल्या गडांचे बुरूज दर पावसाळ्यात ढासळतायत. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली, तिथेच हा विषय संपला. पैसा आधी गडांना द्या.

पाचूबंदरचा

अप्पांचंच नाव काढलंत ते बरं झालं. मराठ्यांनी वसईच्या मोहिमेतून आणलेल्या चर्चच्या घंटा मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला देवासमोर टांगल्या. घंटा चालते आणि जिथली ती, त्या भिंती चालत नाहीत?

सह्यभ्रमंती

ती जिंकून आणलेली घंटा आहे, दादा. जिंकलेली वस्तू मिरवायची असते, हरलेल्याचं घर शाकारून द्यायचं नसतं.

गावठाणातली

'हरलेल्याचं घर' म्हणजे कोणाचं हो? पोर्तुगीज गेले, आम्ही इथले ख्रिस्ती इथेच आहोत. दगड इथला, चुना इथला, राबणारे हात इथल्याच गावांतले. अंधेरीचं सेंट जॉन बॅप्टिस्ट १५७९चं. १८४०ला साथ आली आणि सगळी वस्ती मरोळला हलली. पुढे त्या जागेवर सीप्झ, म्हणजे निर्यात करणाऱ्या कंपन्यांची वसाहत, झालं. आता आजूबाजूला कंपन्या, गेटवर सुरक्षारक्षक, आणि आमची मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) वर्षातून एकदा, मे महिन्यात. कारकूनकाका, वर्षातला एक दिवस तुमच्या निकषात बसतो का?

फोर्टातला कारकून

ताई, काटेकोर बोलायचं तर नाही बसत. तुमचा हक्क मी नाकारत नाही, फक्त इमारत वापरात आहे असं म्हणणार नाही. तिथे छप्पर घालून दर रविवारी मिस्सा सुरू करा, माझं मत तुम्हाला. 'सगळ्यात जुनी' असं कौतुक केलं की पडझडही शोभेची वाटायला लागते, माझा राग त्यावर आहे.

जुनं ते सोनं

मग माहीमच्या सेंट मायकलचं काय करणार? परंपरा सोळाव्या शतकापासूनची, बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला पाय ठेवायला जागा नसते, पण आजची इमारत १९७३ची. वापर आहे, वय नाही. आणि कॅथेड्रलचा मनोरा १८३८च्या आसपासचा आहे, तेव्हा १७१८चा टेंभा जरा बेतानेच मिरवा. मंडपेश्वरला तर गंमतच. सहाव्या शतकाच्या आसपासची शैव लेणी, डोक्यावर पोर्तुगीज चर्चच्या पडक्या भिंती, आत दगडात कोरलेला क्रूस. तिथे 'सगळ्यात जुनं' कोणाला म्हणायचं, ते दोघांनी बसून ठरवा.

फोर्टातला कारकून

मनोरा नंतरचा, मान्यच आहे. पण जुन्या वाड्याला नवा मजला चढवला म्हणून वाडा नवा होत नाही.

आगरातला

तुम्ही सगळे खाडीच्या उत्तरेलाच अडकलात. वसई मिळाली १५३४ला. त्याआधी दहा-बारा वर्षं चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीजांचा किल्ला उभा राहत होता. आज अलिबाग-मुरूड रस्ता रेवदंड्याचा तट फोडून आत शिरतो आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत सातखणी मनोरा उभा आहे. नावाला सात खण, वरचे केव्हाच गेले. पलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घराघरांत चालते. छप्पर आणि वापर हवाय ना? मग जिथे ती बोली बोलणारी माणसं आहेत तिथून मोजायला सुरुवात करा. मुंबईचा मान मुंबईकरांनी आपसात वाटून घ्या.