मेथाडोनचा क्लेम परत आला, कोड कुठं चुकला?

प्रश्न (जळगाव): घरूनच रात्रपाळीत अमेरिकन लॅबचं मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे विम्याच्या बिलावर तपासणीचे न् आजाराचे कोड टाकतो. मेडिकेअरचा (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) पेशंट, लघवीत मास स्पेक्ट्रोमेट्रीनं मेथाडोन (अफूच्या जातीचं औषध) आणि ईडीडीपी तपासलं. मी मेथाडोन तपासणीच्या ८०३५८ कोडचे दोन युनिट टाकले. पहाटे तीनला डिनायल, क्लेम नामंजूर! समोर शेवभाजी गार, तर्री पार थिजलेली.

भुसावळची ताई: भाऊ, मेडिकेअर ८०३५८ घेतच नाही. त्याऐवजी जी०४८० कोड लाव, दिवसाला एकच. एक ते सात ड्रग क्लास (औषधांचे गट) त्यातच बसतात. ईडीडीपी मेथाडोनचंच मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात त्याच्यापासूनच बनतं, वेगळं मोजू नको.

धुळेकर: डायग्नोसिसचा (आजाराचा) कोड काय लावलाय? दुखण्यासाठी मेथाडोन असेल तर झेड७९.८९१. हेरॉइन सोडवायला असेल तर एफ११ मध्ये, म्हणजे अफूच्या जातीच्या व्यसनांच्या कोडमध्ये शोध.

जळगाव: ऑर्डर उघडली. हेरॉइनचीच केस निघाली, अन मी झेड ठोकलेला! दुरुस्त करतो. भाजी गरम करून आलोच.